लाल ठिपका दिसेपर्यंत

शनिवार, ५ जुलै

ही वही मी सहा वर्षांपूर्वी आणली होती. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहून काढायच्या म्हणजे मन शांत राहतं, असं तेव्हा आम्ही सगळ्या मैत्रिणी एकमेकींना सांगत होतो. मी अकरा दिवस लिहिल्या. अकराव्या दिवसाची तिसरी चांगली गोष्ट आहे ‘टोस्ट’. पुढची पानं कोरी आहेत, तर आता त्यांत हे लिहिते. यात चांगलं काही नाही.

मॅच जिंकलो. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, त्यात वारा असा की मुलींचे गुडघे जांभळे पडले होते. मॅच संपल्यावर मी नेहमीप्रमाणे क्लबच्या पानासाठी व्हिडिओ करायला फोन समोर धरला. बोलून झालं आणि मागे खसखस ऐकू आली. वळून बघते तर पॉपी, माझी सख्खी मुलगी, संत्र्याची फोड फोनसारखी हातात धरून उभी. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, डोळे बटाट्याएवढे, आणि एकदम गप्प. मोजून एक सेकंद. मग एकदम, “हाऽऽय सगळ्यांना! काय मस्त सकाळ आहे ना!”

आमच्या नेटबॉल संघातल्या त्या बारा-बारा वर्षांच्या नऊही मुली हसून हसून लोळल्या. टालियाही हसली. टालिया म्हणजे या मोसमापासून आलेली माझी सहायक कोच, एकवीस वर्षांची. ती हसली हेच जास्त लागलं.

गाडीत विचारलं, “ते गप्प काय उभी होतीस?”

“तू तशी उभी राहतेस, आई. बोलायच्या आधी थांबतेस. तुमच्या वयाचे सगळेच थांबतात. त्याची सगळीकडे थट्टा चालते.”

“मी नाही थांबत.”

“बघ मग तुझे जुने.”

घरी येऊन बघितले. आठ वर्षांत एकशे चौदा व्हिडिओ केलेत मी या क्लबचे. एकशे चौदाही व्हिडिओंत थांबते.

कारण साधं आहे. आमच्या पहिल्या फोनना बटण दाबल्यावर चालू व्हायला वेळ लागायचा. लाल ठिपका दिसला की मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जायचा. फोन सुधारले, आमचं थांबणं तसंच राहिलं. टालियाचे व्हिडिओ अर्ध्या वाक्यापासून सुरू होतात. ती आधीपासून बोलत होती आणि आपणच उशिरा आलो, असं वाटतं.

मंगळवार, ८ जुलै

न थांबता बोलायचा सराव केला. न्हाणीघरात, सात वेळा. सातही वेळा थांबले. डॅमियनने बाहेरून विचारलं, “कोणाशी बोलतेयस?” नवऱ्याला यातलं काही सांगण्यात अर्थ नाही. तो अजून लग्नातला पट्टा वापरतो आणि त्याला कोणी हसत नाही.

शनिवार, १२ जुलै

पुढच्या मॅचची आखणी करायला टालिया घरी आली आणि जेवायलाच थांबली. मी तिला राहा म्हटलं नव्हतं, पॉपीने म्हटलं. पॉपी तिच्या शेजारी बसली. एरवी ती माझ्या शेजारी बसते. म्हणजे जागा तीच, पण आज मुद्दाम खुर्ची तिच्याकडे ओढून बसली.

टालियाच्या अंगात ती ढगळ, खिशाखिशांची पँट होती. मी नववीत असताना अशीच घालत होते! तेव्हाची पँट, तेव्हाचा मधला भांग, तेव्हाच्या त्या गळ्याशी घट्ट माळा. आमचं जुनं सगळं यांनी उचललं आणि यांना ते शोभतं. मी मात्र घट्ट जीन्स आणि तिरका भांग घेऊन बसले आहे, आणि गुन्हा माझा.

स्वयंपाकघरातली माझी पाटी आहे ना, ‘आधी कॉफी, मग बोला’, तिच्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. वाचून झाल्यावरही.

“काय झालं?” मी विचारलं. म्हटलं, हसायचं तर तोंडावर हस.

“माझ्या आईकडे अगदी हीच पाटी होती.”

डॅमियनला ठसका लागला. मी विचारलं, “किती वय आहे आईचं?”

“एक्केचाळीस.”

मी एकोणचाळीस. टालिया मोठ्या निरागसपणे बघत होती माझ्याकडे. या मुली असं बोलतात ना, की आपण रागावलो तर आपलंच हसं होतं.

“कुठे असते ती?” डॅमियनने विचारलं. त्याला काय, कोणाचीही चौकशी.

“कराठाला, खूप लांब, खाणींकडे. तिचा नवरा तिथे कामाला आहे. मला भाऊ झालाय, दोन वर्षांचा.” मग माझ्याकडे वळून, “अजून थोडा बटाट्याचा मॅश मिळेल?”

तीनदा वाढून घेतलं. जाताना म्हणाली, “कर्स्टी, तुझ्याकडे जुना छोटा कॅमेरा असेल ना, दोन हजार सातच्या सुमाराचा? हल्ली आम्हाला तसेच फोटो आवडतात.”

मी म्हटलं, फेकून दिला. तो खालच्या खणात आहे, टेबलक्लॉथच्या खाली. सगळंच काय द्यायचं?

शनिवार, १९ जुलै

सप्टेंबर लागायच्या आत बक्षीस समारंभ असतो. दरवर्षी त्याचा व्हिडिओ मी करते. बारा मिनिटांचा. फोटो हळूहळू जवळ येत जातात, मागे गाणं, शेवटी सगळ्या मुलींची नावं तरंगत वर जातात. मागच्या वर्षी दोन आया रडल्या होत्या.

आज ग्लेनिसने, म्हणजे क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी, मुलींना हात वर करायला सांगितलं. यंदा व्हिडिओ कर्स्टीने करायचा की टालियाने? नऊ हात टालियासाठी. पॉपीचा सगळ्यांत आधी वर गेला.

“मनाला लावून घेऊ नकोस,” ग्लेनिस मला बाजूला घेऊन म्हणाली. “पोरींना जरा आत्ताचं काहीतरी हवंय.”

“आणि माझं काय शिळं असतं?”

“शिळं नाही गं. लांब असतं.”

ग्लेनिस अडुसष्ट वर्षांची आहे. तिला कोणी हसत नाही, कारण तिच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नाही. मधल्या मध्ये आम्ही लटकलोय.

नंतर टालिया आली. “तुझे जुने व्हिडिओ सगळे देशील मला? अगदी सगळे?”

दिले. एकशे चौदा. त्या नकलेनंतर नवा एकही केला नव्हता. म्हटलं, घे बाई, हवी तेवढी मजा कर.

गुरुवार, २४ जुलै

दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. सकाळपासून नऊ चष्मे बसवले, एका आजोबांना त्यांचे स्वतःचेच कान वाकडे आहेत हे पटवता पटवता नाकी नऊ आले.

क्लबची चिटणीस मी असल्यामुळे लीगचं सगळं टपाल मला येतं. आज मेल आलंय. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते सरकारी कार्ड लागतं, आणि टालियाचं संपतंय. सोळाव्या वर्षी पोहण्याच्या वर्गात मदतनीस असताना काढलेलं, आता पाच वर्षं झाली. नवीन कार्डाचा नंबर पंधरा ऑगस्टपर्यंत कळवला नाही, तर तिला मॅचच्या वेळी संघाच्या बेंचवर बसता येणार नाही.

शनिवारी सांगते तिला.

शनिवार, २६ जुलै

मीही ढगळ जीन्स घेतली. घालून गेले. पॉपीने बघितलं आणि म्हणाली, “का?” बस्स, एवढंच. टालिया मात्र म्हणाली, “मस्त आहे, पण मला तुझी आधीचीच आवडायची.” टोमणा इतका गोड मारते की मारला हे घरी आल्यावर कळतं.

मॅच जिंकलो. टालियाला सांगायचं राहिलं. मुलींच्या गर्दीत होती.

शनिवार, २ ऑगस्ट

आज हे लिहायला हात उचलत नाहीये, पण लिहिते.

मॅच संपल्यावर टालिया मला गाडीपाशी गाठून हळूच म्हणाली, “पॉपीची आज पाळी आली. पहिलीच. तू घाबरू नकोस, ती ठीक आहे, मी सगळं दिलंय तिला. तिने तुला सांगू नको म्हटलं होतं, पण मला वाटलं, तुला माहीत असायला हवं.”

मी “थँक्यू” म्हटलं. आणि वर हसले.

माझ्या कपाटावर एक खोका आहे. दोन वर्षांपासून तयार आहे. त्यात गरम पाण्याची पिशवी, चॉकलेट, मऊ मोजे, लागणाऱ्या सगळ्या वस्तू आणि पॉपीला लिहिलेलं चार पानी पत्र. वर गुलाबी फीत. ती दहा वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी बसून भरला होता मी तो.

घरी आल्यावर तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले. “मला का नाही सांगितलंस?”

“आई, प्लीज.” ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. “तू त्याचा समारंभ केला असतास.”

“कशाचा समारंभ?”

“मला खोका माहितीये. फीत दिसते वरून.”

मी दार लोटून घेतलं.

तेव्हापासून एकच विचार चाललाय. यांचा तो शब्द आहे, क्रिंज. दुसऱ्याचं वागणं बघून आपल्याला लाज वाटते, त्याला म्हणतात. आमची लाज का वाटते यांना? जीन्स, आखूड मोजे, भांग, मेसेजमधला हसता हसता रडणारा तो पिवळा चेहरा, दोन तळवे जोडून केलेलं हृदय, हे सगळं वरवरचं आहे. खरं कारण मला आज कळलं. आपण सगळ्यांना आवडावं असं आम्हाला वाटतं, आणि ते दिसतं. आम्ही फीत बांधतो. या मुलींनाही आवडायचं असतंच की, पण त्या ते कोणाला दिसू देत नाहीत. टालियाने काय केलं असेल? खिशातून काढून दिलं असेल, “घे, होतं असं,” म्हणाली असेल, आणि बाहेर येऊन मुलींना पळवलं असेल. बारा वर्षांच्या मुलीला तेच हवं असतं. मला कळतंय. कळलं म्हणून काय जळायचं थांबतं? जळजळतंय नुसतं. माझ्या मुलीच्या आयुष्यातला तो दिवस एकदाच येणार होता आणि तो त्या ढगळ पँटवालीने नेला.

लीगकडून पुन्हा मेल आलं. वाचलं. बंद केलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

मॅच जिंकलो, तिसऱ्या आलो, पुढच्या शनिवारी बाद फेरी. हरलो की मोसम संपला.

टालिया आमच्याबरोबर गाडीतून आली. तिची बस चुकली म्हणे. पॉपीच्या डब्यात मी संत्री सोलून, बिया काढून ठेवते, तर विचारत होती, “तू रोज करतेस हे? सांगितल्याशिवाय?” पॉपीने डोळे फिरवले. “ही सफरचंदाचे पण ससे करते. मला पहिलीत असल्यासारखं वाटतं.” दोघी हसल्या. म्हणजे पॉपी हसली. टालियाने एक फोड मागितली.

पाऊण तास गाडीत एकत्र होतो आणि मी मेलचं बोलले नाही. मुद्दाम नाही. पॉपी सारखी बोलत होती.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आज पंधरा तारीख. दुकानात फार गडबड होती.

शनिवार, १६ ऑगस्ट

कोर्टाशेजारी नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या लीगच्या बाईने यादी बघितली आणि विचारलं, “टालिया कोण?”

“मी.”

“तुझं नाव कटलंय, राणी. कार्ड संपलं तुझं. बेंचवर नाही बसता येणार.”

“संपलं?” टालियाने फोन काढला, पुन्हा खिशात घातला. “मला काही आलंच नाही... नाही, आलं असेल. मीच बघितलं नसेल.” कान लाल झाले होते तिचे. मुलींकडे वळून म्हणाली, “सॉरी. माझीच चूक. माझं कागदपत्रांचं असंच असतं.” आणि जाकीट उचलून जाळीच्या पलीकडे गेली. तिथून ओरडून सूचना द्यायलाही बंदी. नुसती बोटं जाळीत अडकवून उभी होती.

ग्लेनिसने मला विचारलं, “तुला मेल आलं नव्हतं का गं?”

“स्पॅममध्ये गेलं असेल,” मी म्हणाले. किती सहज म्हणाले! न थांबता.

सगळा बेंच माझा होता. मोसमभर मला हेच हवं होतं. चारही डावांत मीच बोलत होते आणि सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या, एक सोडून. पॉपी जाळीकडे बघत होती. शेवटच्या मिनिटात तिचे दोन नेम चुकले. एकतीस-एकोणतीस. मोसम संपला.

दरवर्षी शेवटच्या मॅचनंतर मुली संत्र्याची साल दातांवर बसवून फोटो काढतात. मी संत्री आणली होती. कोणी हात लावला नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

संध्याकाळी चार वाजता बेल वाजली. टालिया. हातात छापलेला फॉर्म आणि एक प्लॅस्टिकची पिशवी, त्यात तिची सगळी कागदपत्रं, एकावर एक कोंबलेली.

“मदत करशील? हे मोठ्या माणसांचं मला जमत नाही. आईला विचारणार होते, पण बाळ लहान आहे, तिला वेळ नसतो.”

पॉपी अजून शाळेतून आली नव्हती. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात बसलो. मी रकाने भरत गेले, ती सांगत गेली. पाच वर्षांत सहा पत्ते झालेत तिचे. दुसऱ्या पत्त्यापासून पुढे सगळे ती एकटीच. मी विचारलं, “आणि आई?” “ती तेव्हाच गेली कराठाला. मी म्हटलं, मी राहते इथेच. शाळा होती ना.”

मी भरत होते तेव्हा ती फोन बघत बसली होती. तोच तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होती. मी वर बघितलं.

“आई आहे,” ती म्हणाली. “मला पाठवलेला नाही, सगळ्यांसाठी टाकलाय.”

फोन माझ्याकडे वळवला. एक बाई, तिरका भांग, मागे खिडकीत लाल माती. तिने बटण दाबलं आणि थांबली. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं. मग, “हाऽऽय सगळ्यांना! बघा आमचा ऑलिव्हर आज काय शिकला!”

“तुझ्यासारखीच, बघ,” टालिया म्हणाली.

“हो, हो. थांबतो आम्ही. कळलंय मला.”

“तसं नाही गं.” तिने पुन्हा सुरुवातीला नेलं आणि अंगठ्याने तिथेच अडवून धरलं. “ही जी थांबलीये ना, इथे ती अजून बोलत नाहीये. बाळाकडेही बघत नाहीये. इथे वाटतं की माझ्याकडेच बघतेय. एवढाच वेळ. मग बोलायला लागली की सगळं त्याचं असतं.”

मी विचारलं, “चहा टाकू?”

तिने दोन कप घेतले आणि माझ्या पाटीकडे बघत बसली. मला वाटत होतं पॉपीने हे ऐकायला हवं होतं. तिच्या लाडक्या टालियाचीही आई थांबते म्हणावं, आणि तिला त्याची लाज वाटत नाही.

फॉर्म भरून झाला. मेलचं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पॉपी आली आणि सरळ टालियाच्या गळ्यात पडली. मग नाही सांगितलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पॉपी आज स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी सॅंडविचला काकडी चिरत होते.

“मेल स्पॅममध्ये नव्हतं, आई.”

सुरी थांबली. घरच्या लॅपटॉपवर क्लबचं टपाल उघडंच असतं. मला कधी लपवायचं सुचलंच नाही.

“दोन होती. दोन्ही उघडलेली.”

“टालियाला सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

“ती रडेल.” पॉपी काकडीचे तुकडे एका रांगेत लावायला लागली. “तिला तू आवडतेस. सारखं तुझंच. कर्स्टी अशी, कर्स्टी तशी, कर्स्टी बिया काढून देते, तुला माहितीये का तू किती नशीबवान आहेस. मला वैताग येतो. मी तुझी नक्कल केली ना त्या दिवशी, तेव्हा सगळ्या हसल्या. ती नंतर येऊन मला म्हणाली, परत करू नकोस. माझ्यावर रागावली! तुझ्यासाठी!”

“पण ती हसली होती. मी बघितलं.”

“तुझ्यावर नव्हती हसली. ती ‘हाऽऽय’ ऐकून हसते. नेहमी. तू बोललीस तरी हसते.” मग म्हणाली, “माझी आई आहेस तू. तिने कशाला बघायचं तुझ्याकडे सारखं?”

मुलीला जवळ घ्यायला हवं होतं, पण हातात सुरी होती. ती ठेवेपर्यंत पॉपी गेली.

शनिवार, ३० ऑगस्ट

बक्षीस समारंभ. क्लबच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, सॉसेज रोल, आणि तो माझा जुना पडदा.

मी घट्ट जीन्स घालून गेले. म्हटलं, आज काय व्हायचं ते आपल्याच कपड्यांत होऊ दे.

टालियाने दिवे घालवले. पडद्यावर मी. आठ वर्षांपूर्वीची, केस लांब, गळ्यात घुबडाचं लॉकेट. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं. गप्प. बोलायच्या आतच पुढची मी. पावसाळी टोपीतली, गप्प. पुढची. हॉलमध्ये हशा पिकला. एकशे चौदा वेळा मी. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं, आणि मग वाटलं, केलंस ना शेवटी, तुझ्या आईचं सांगून मला पाघळवलंस आणि केलंसच.

साधारण पन्नासाव्यानंतर हसणं ओसरलं. कारण लोक मागे बघायला लागले होते. मी बोलायच्या आधी मागे काय चाललेलं असतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. एकात पाच वर्षांची पॉपी माझ्या पायाला मिठी मारून वर बघतेय. एकात दोन मुली एकाच जाकिटात शिरल्यात. एकात ग्लेनिस चोरून तिसरा केक खातेय. आणि यंदाच्या सगळ्यांत, कोपऱ्यात, टालिया. चेंडू बगलेत धरून उभी. फोनमध्ये बघत नाही. माझ्याकडे बघतेय, पाठमोऱ्या माझ्याकडे.

शेवटी काही नव्हतं. नावं नाहीत, गाणं नाही. दोन मिनिटांत संपलं. टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी पॉपी हाताची घडी घालून, ओठ घट्ट दाबून बसली होती.

ग्लेनिसने मला बोलायला बोलावलं. दरवर्षी बोलते. कागदावर लिहून आणलं होतं, सगळ्यांचे आभार, क्रमाने. माईक हातात घेतला आणि थांबले. सवयीने. मागून कोणीतरी हसलं, प्रेमानेच. टालिया पडद्याशेजारी वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली.

मी तिच्याकडे बघितलं. एवढाच वेळ.

मग म्हणाले, “टालियाच्या कार्डाचं मेल मला आलं होतं. दोनदा. मी वाचलं आणि तिला सांगितलं नाही. मला तिचा हेवा वाटत होता.”

रविवार, ३१ ऑगस्ट

चिटणीसपद सोडलं. ग्लेनिसने सोडायला लावलं असं म्हणणं जास्त खरं. क्लबच्या कपाटाची किल्ली घेताना ती म्हणाली, “त्या पोरीला दुसरं कोणी नव्हतं गं, कर्स्टी.” पुढच्या वर्षी कोच टालिया, अर्थात तिची तयारी असेल तर. काल ती वायर तशीच अर्धी टाकून निघून गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना गाडीत पॉपीने हीटरचं तोंड माझ्याकडे वळवलं.

आज सकाळी कपाटावरचा खोका तिथे नव्हता. फीत कचऱ्याच्या डब्यात सापडली. बाकीचं काहीच डब्यात नव्हतं.

रविवार, ७ सप्टेंबर

जुना कॅमेरा खणातून काढला, चार्ज केला, पुडक्यात बांधून टालियाच्या पत्त्यावर ठेवून आले. फीत नाही बांधली. चिठ्ठी लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली, तीही फाडली.

शनिवार, १३ सप्टेंबर

दुपारी फोन वाजला. टालियाचा व्हिडिओ. एकच, मला एकटीला.

चित्र थोडं हलतंय, खुर्चीवर टेकवून ठेवलेलं असावं. ती मागे सरकून बसली आणि थांबली. टालिया, जिचे व्हिडिओ अर्ध्या शब्दापासून सुरू होतात. भुवया वर नाहीत, तोंड मिटलेलं. नुसती बघत राहिली. मोजून एक सेकंद, कदाचित दोन. मग म्हणाली, “कार्ड आलं,” आणि बंद.

ही माझी थट्टा होती की काय होतं, मला अजून कळलेलं नाही. अकरा वेळा बघितला.

पॉपीने सोफ्यावरून विचारलं, “कोणाचं आहे गं?”

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. “दुकानातलं,” म्हणाले. तिच्याकडे टालियाचे शंभर व्हिडिओ आहेत. हा माझा आहे.